हँडलाच्या टोकाचा आरसा आणि हातांतील कंप

पनवेलच्या पुढें पळस्पे फांट्यावर रस्ता दुभंगतो. एक वाट बोरघाटांतून पुण्याकडे जाते, दुसरी कोंकणांतून गोव्याकडे. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग कळंबोलीहून निघतो खरा. पण त्यावर दुचाकी वाहनांस मज्जाव आहे. तेव्हां मोटारसायकलस्वारास जुन्या रस्त्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि त्या बाजूस न्हावा-शेवा बंदराच्या अवजड कंटेनरगाड्यांची सोबत त्यास घडतेच. अशा ठिकाणीं मागून काय येत आहे हें कळणें ही चैन नव्हे, तो जिवाचा प्रश्न आहे.

मागचें दाखविणारा आरसा गाजला तो १९११ सालीं. अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें पांचशें मैलांची पहिली शर्यत झाली, तींत रे हॅरून यानें आपल्या एकासनी मोटारीवर असा आरसा बसविला होता. शर्यत त्यानेंच जिंकली. मात्र विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका थरथरे कीं त्यांत धड कांहीं दिसत नसे, असें त्यानें पुढें सांगितल्याचें प्रसिद्ध आहे. मोटारसायकलीच्या आरशाची अडचणहि मुळांत हीच आहे.

नेहमींचा आरसा हँडलाच्या मध्याजवळ दांडीवर उभा असतो, व त्यांत पुष्कळदां स्वाराचें कोंपरच अधिक दिसतें. म्हणून अलीकडे हँडलाच्या अगदीं टोकास आरसा लावण्याची चाल पडली आहे. कारागीर त्यास ‘बार-एंड मिरर’ म्हणतात. येथून दृष्टि मोकळी जाते. पण त्याची किंमत दोन प्रकारें द्यावी लागते. एक, गाडीची रुंदी वाढते. दुसरी, हा आरसा बसवितांना टोकाचें मूळ वजन काढून टाकावें लागतें; आणि तें वजन शोभेसाठीं नसतें.

एका सिलिंडरच्या इंजिनांत दट्ट्या दर फेऱ्यास एकदां वर व एकदां खालीं जातो. इंजिन मिनिटास ३६०० फेरे करीत असेल, तर सेकंदास ६० हेलकावे गाडीच्या सांगाड्यास बसतात. क्रँकवर उलट बाजूस वजन ठेवून हा धक्का सगळा मारावा म्हटलें, तर तितकाच धक्का आडव्या दिशेनें उभा राहतो. म्हणून सामान्यतः सुमारें निम्मा धक्का मारून तडजोड करतात. उलट दिशेनें फिरणारा एक तोल-दांडा जोडला म्हणजे उरलेला भागहि बराच शमतो. मद्रासेस १९५५ पासून तयार होऊं लागलेल्या बुलेटच्या जुन्या इंजिनांत हा दांडा नव्हता. रॉयल एनफील्डच्या २०२० सालच्या मीटिऑर ३५० मध्यें तो आहे.

हँडल ही मध्यें आवळलेली व दोन्हीं टोंकांस मोकळी असलेली नळी होय. तिचा स्वतःचा असा कंपनांचा वेग असतो. इंजिनाचा वेग त्याच्याशीं जुळला कीं टोंकें सर्वांत अधिक हलतात. टोकाशीं वजन घातलें म्हणजे नळीचा स्वाभाविक वेग खालीं येतो. हलणारें वजन चौपट झालें तर तो निम्मा होतो. उलट, वजन काढून हलका आरसा लावला कीं तो वर चढतो, व कदाचित् नेमका घाटाबाहेरच्या सरळ रस्त्यावरील इंजिनाच्या वेगाशीं येऊन भिडतो. मग आरसा असूनहि त्यांत ट्रकऐवजीं एक तपकिरी डाग दिसतो. म्हणून मूळ वजन व नवा आरसा हीं दोन्हीं घरच्या तराजूवर तोलून पाहावीं. नवा आरसा हलका भरल्यास जड बैठकीचा घ्यावा.

परंतु तत्पूर्वीं कंपाचें मूळ शोधणें इष्ट. मोकळ्या सरळ रस्त्यावर, ज्या वेगांत हँडल थरथरतें त्या वेगांत क्लच दाबून इंजिन मंद करावें. थरथर थांबली तर कारण इंजिनाकडे आहे. इंजिनाचे व हँडलाच्या पकडीचे बोल्ट तपासावे. ती तशीच राहिली तर टायरमधील हवा, चाकाचा तोल व हँडलाखालील बेअरिंग पाहावें. सैल बोल्टावर वजनाचा इलाज चालत नाहीं.

बसविण्याचें काम अवघड नाहीं, पण बेफिकिरीचें नव्हे. बाहेरून २२ मिलिमीटर असणाऱ्या दोन नळ्यांची आंतील पोकळी जाडीप्रमाणें निराळी असते. म्हणून ती आधीं मोजावी. मुठीचें रबर टोकाशीं बंद असल्यास तें तीक्ष्ण सुरीनें गोल कापावें. आरशाची खुंटी आंत सारून बोल्ट आवळला कीं तिच्यावरील रबर फुगून नळीस घट्ट धरतें. उजवीकडे मूठ व आरशाची बैठक यांत सुमारें दोन मिलिमीटर अंतर सोडावें. तें न सोडल्यास पीळ दिलेली मूठ सोडल्यावर परत फिरत नाहीं, आणि याहून भयंकर दोष दुसरा नाहीं. शेवटीं हँडल दोन्हीं बाजूंस पूर्ण वळवून आरसा टाकीस, गुडघ्यास किंवा ब्रेकच्या दांडीस लागत नाहीं याची खात्री करावी.

कंपाचा त्रास डोळ्यांपुरताच नसतो. डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनीं १९१८ सालीं इंडियाना प्रांतांतील दगड फोडणाऱ्या कामगारांचे हात तपासले. हवेच्या हातोड्यानें त्यांचीं बोटें थंडींत पांढरीं व बधिर पडत. मोटारसायकलीचा कंप तितका तीव्र नव्हे. तरी लांबच्या प्रवासानंतर बोटांस मुंग्या येत असल्यास जाड मुठी, सैल पकड व मधून विश्रांति यांचा अवलंब करावा.

हे आरसे बहुधा बहिर्गोल असतात. त्यांत मागची गाडी लहान व म्हणून दूर भासते. तेव्हां पळस्प्याच्या फांट्यावर वळण्यापूर्वीं आरशांत पाहून झाल्यावर एकदां खांद्यावरून मागें वळून पाहणें, हें कितीहि उत्तम आरसा बसविला तरी सुटत नाहीं.