पदावर पाणी सोडणारे घराणे

(मंडळाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



गेल्या उन्हाळ्यात मी इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्दम्बरलंडमधला वॉलिंग्टनचा वाडा बघायला गेलो होतो. तिथल्या अभ्यासिकेत मेकॉलेचे टेबल आहे. आपल्याकडे मेकॉलेला कोणी शिव्या घालतो, कोणी इंग्रजी शिक्षणासाठी दुवा देतो. पण त्याचे टेबल इथे कसे? मेकॉलेने लग्न केले नव्हते. त्याची बहीण हॅना हिचे लग्न १८३४ मध्ये कलकत्त्यात कंपनी सरकारचा अधिकारी चार्ल्स एडवर्ड ट्रेव्हेलियन याच्याशी झाले, आणि पुढे वॉलिंग्टन त्याच्याकडे आले.

आज मी बोलणार आहे ते या दांपत्याच्या नातवाबद्दल: सर चार्ल्स फिलिप्स ट्रेव्हेलियन, तिसरे बॅरोनेट (१८७०-१९५८). बॅरोनेट म्हणजे वंशपरंपरेने 'सर'. पण तो लॉर्ड नव्हे. त्याला वरच्या सभागृहात जागा नसते, राजकारण करायचे तर मते मागावी लागतात.

या घराण्यात पदावर पाणी सोडायची जणू रीतच होती. आजोबा मद्रासचे गव्हर्नर असताना त्यांनी कलकत्त्याच्या सरकारच्या करधोरणाला जाहीर विरोध केला, म्हणून १८६० मध्ये त्यांना परत बोलावले गेले. वडील जॉर्ज ऑटो यांनी १८७० मध्ये शिक्षण कायद्यावरून आणि १८८६ मध्ये आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून पद सोडले.

नातू १८९९ मध्ये लिबरल पक्षातर्फे खासदार झाला. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटन महायुद्धात उतरले, तेव्हा त्याने शिक्षण खात्यातले उपमंत्रिपद सोडले. रॅम्से मॅक्डोनल्ड, ई. डी. मोरेल वगैरेंबरोबर त्याने 'युनियन ऑफ डेमोक्रॅटिक कंट्रोल' ही संस्था काढली. परराष्ट्र धोरण बंद दाराआड ठरू नये, ही तिची मागणी. लोकांनी देशद्रोही ठरवले. १९१८ मध्ये तो सपशेल हरला. मग मजूर पक्षात गेला, १९२२ मध्ये न्यूकॅसलमधून निवडून आला आणि दोन वेळा शिक्षणमंत्री झाला. शाळा सोडायचे वय १४ वरून १५ करायचे, हा त्याचा ध्यास. कॅथलिक शाळांच्या अनुदानावरून स्वपक्षीयांनीच अडवले, लॉर्ड्सनी विधेयक फेटाळले, आणि मार्च १९३१ मध्ये त्याने पुन्हा राजीनामा दिला. ते वय प्रत्यक्षात १५ झाले १९४७ मध्ये.

इथवर ऐकून टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. पण जरा थांबा.

आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचे पीक सडले, तेव्हा लंडनमध्ये अर्थखात्यातून मदतकार्य चालवणारा अधिकारी हाच आजोबा होता. बाजारात हात घालायचा नाही, फुकट खायला घातले की लोक आळशी होतात, हे त्याचे तत्त्व. तत्त्वावर तो ठाम राहिला. त्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे, या ट्रेव्हेलियनांच्या मूळ घराण्याच्या ग्रेनाडा बेटावर गुलामांच्या मळ्यांत भागीदाऱ्या होत्या. त्याबद्दल आजच्या वंशजांनी २०२३ मध्ये तिथे जाऊन माफी मागितली.

म्हणजे आजोबा आणि नातू, दोघेही तत्त्वाला चिकटणारे. फरक कशात? आजोबांच्या तत्त्वाची किंमत दुसऱ्यांनी मोजली. नातवाने आपल्या तत्त्वाची किंमत स्वतः मोजली. माझ्या मते पुरोगामी माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न एवढाच आहे.

नातू काही संत नव्हता. स्टालिनच्या रशियाचे त्याने डोळे झाकून कौतुक केले. तिथे किंमत कोण मोजतो आहे हे त्याला दिसले नाही. शिवाय राजीनामा देऊनही ज्याच्या घरची चूल पेटती राहते, त्याला राजीनामा सोपा, असेही कोणी म्हणेल. ते खरेच आहे. म्हणून त्याची शेवटची गोष्ट मला मोठी वाटते. जमिनीवर खाजगी मालकी नसावी असे तो म्हणत असे. १९४१ मध्ये त्याने वॉलिंग्टनचा वाडा आणि सुमारे १३ हजार एकर जमीन नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. हयात असेतो तिथे राहायची सोय ठेवली, हेही सांगायला हवे. थोरल्या मुलाच्या वाट्याला फक्त 'सर' ही पदवी आली. त्या मुलाने श्रॉपशरमध्ये प्रौढशिक्षणाचे कॉलेज १९४८ पासून १९७१ पर्यंत चालवले. बापाच्या तत्त्वाची थोडी किंमत त्यानेही मोजली म्हणायची.

हे सगळे मी का सांगतो आहे? आमच्या घरात लहानपणापासून एक वाक्य ऐकले आहे: "आपली जमीन कुळकायद्यात गेली." 'गेली', जशी काही चोरीला गेली. १ एप्रिल १९५७ ला कसणारे कूळ मालक झाले, यात न्याय आहे, असे मी इथे आपल्या बैठकांत कितीदा बोललो आहे. घरी मात्र ते वाक्य मी कधी अडवले नाही.

वॉलिंग्टनहून परतल्यावर काकांना फोन केला. विचारले, "त्या जमिनीवर राबत कोण होतं?" काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अरे, नावं कुणाला आठवताहेत आता?"

मीही त्याआधी कधी विचारले नव्हते.