स्वमग्न मूल, रक्त आणि आतडे



१९४३ साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत ११ मुलांच्या निरीक्षणावरून स्वमग्नतेचे वर्णन केले. त्यांतील कित्येकांना तान्हेपणी अन्न घेताना त्रास होत असे. तथापि पोटाकडे फारसे कोणी पाहिले नाही. उलट पुढे अनेक वर्षे आईच्या मायेवरच ठपका ठेवला गेला. तो अन्याय होता, हे प्रथमच सांगितले पाहिजे.

१९६१ साली शेन व फ्रीडमन या संशोधकांना काही स्वमग्न मुलांच्या रक्तात सेरोटोनिन नावाचे द्रव्य अधिक आढळले. पुढील संशोधनातही सुमारे चतुर्थांश वा त्याहून काहीशा अधिक मुलांत ते तसेच दिसले. हे द्रव्य येते कोठून? अन्नातील ट्रिप्टोफॅनपासून शरीर ते घडविते, आणि त्याचा ९० टक्क्यांहून अधिक भाग आतड्याच्या अस्तरातील पेशी तयार करतात. आतड्याची हालचाल राखणे हे त्याचे एक मुख्य कार्य. तेथून रक्तात उतरलेले सेरोटोनिन प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म रक्तकणिका शोषून साठवितात. २०१५ साली उंदरांवरील प्रयोगांत असेही दिसले, की आतड्यातील काही जिवाणू या निर्मितीस चालना देतात.

मग आतडे अधिक निर्माण करते, की प्लेटलेट अधिक साठवितात? याचा निर्णय शास्त्रज्ञांत अद्याप झालेला नाही. शिवाय रक्तातील सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. मेंदू आपले स्वतःचे घडवितो. म्हणूनच रक्ताच्या एका आकड्यावरून स्वमग्नतेचे निदान होत नाही, आणि पथ्याने ती नाहीशी करण्याची हमी देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मात्र बद्धकोष्ठादी पोटाचे विकार या मुलांत इतरांपेक्षा अधिक आढळतात, हे निश्चित. ‘पोट दुखते’ एवढेही ज्याला सांगता येत नाही, ते मूल रात्रभर रडते, डोके आपटते. आणि आपण त्याला हट्टी म्हणतो! परमुलखात शेजारी आजी नाही, आत्या नाही. अशा वेळी मंडळातील प्रत्येक घराने त्या आईला दोष न देता धीर द्यावा, आणि मुलाचे पोट डॉक्टरांना दाखविण्यास सुचवावे.