पर्यटनाचा धंदा आणि सरकारचें धोरण

परका मनुष्य आपला देश पाहावयास येतो, तेव्हां तो येथें पैसा ठेवून जातो आणि नेतो तें केवळ स्मरण. माल परदेशीं न धाडतां परकीय चलन मिळवून देणारे असे धंदे थोडेच. म्हणूनच १९४५ सालीं हिंदुस्थान सरकारनें सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखालीं या विषयावर समिति नेमली, व १९४९ सालीं वाहतूक खात्यांत त्यासाठीं स्वतंत्र शाखा उघडली. महाराष्ट्रांत १९७५ सालीं पर्यटन विकास महामंडळ स्थापन झालें. १ एप्रिल २०२१ पासून हॉटेलांस उद्योगाच्या दरानें वीज व पाणी देण्याचें ठरलें. आणि २०२४ च्या धोरणानें दहा वर्षांत एक लक्ष कोटि रुपयांचें भांडवल व अठरा लक्ष रोजगार हें उद्दिष्ट डोळ्यांपुढें ठेविलें.

सवलती हव्यात, यांत वाद नाहीं. परंतु पाहुणा कांहीं हॉटेल पाहावयास येत नाहीं. तो ज्या वस्तूसाठीं येतो ती जपणें, व ती जेथें आहे तेथील माणसांस सुखानें नांदतां येईल असें करणें, हें धोरणाचें पहिलें कलम असावयास हवें.

घारापुरीचें उदाहरण घ्या. तेथील लेणीं १९८७ सालीं जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. देशोदेशींचे लोक लाँचनें येत राहिले. परंतु बेटावरील घरांत कायमची वीज पोंचली ती २०१८ च्या फेब्रुवारींत, समुद्राखालून केबल टाकल्यावर. तोंवर संध्याकाळचे कांहीं तास जनरेटरवर भागवावें लागे. एकतीस वर्षें कीर्ति दारीं उभी होती, आणि घरांत पुरता दिवा नव्हता!

आतां आपल्या घाटकोपराकडे वळूं. पूर्व द्रुतगति मार्गाच्या पलीकडे तिवरांचें रान, आणि त्याच्याही पलीकडे ठाण्याची खाडी. तिला २०१५ सालीं रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, व २०२२ सालीं रामसर यादींत स्थान लाभलें. हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत हजारों रोहित येथें उतरतात, आणि ऐरोलीहून होडींत बसून लोक ते पाहावयास जातात. ओहोटीचा चिखल हें त्यांचें अन्नछत्र. भरतीनें तो बुडाला कीं ते नेरूळकडील उथळ तळ्यांत विसावा घेतात. म्हणजे अभयारण्याची रेघ खाडीवर ओढून भागत नाहीं. तिच्याबाहेरचीं तळीं बुजलीं तर आंतली खाडीही ओस पडेल.

२० मे २०२४ च्या रात्रीं उतरत्या विमानाची धडक बसून जवळजवळ ४० रोहित मेले, आणि त्यांचीं कलेवरें आपल्याच पंतनगर भागांत पडलीं. विमानतळ व पक्षी यांना याच आकाशांत राहावयाचें आहे. तेव्हां त्यांची सोय एकत्र विचारांत घेणें सरकारास टाळतां येणार नाहीं.

म्हणून माझ्या मतें तीन गोष्टी कराव्या. पाहुण्यांकडून मिळणाऱ्या शुल्काचा ठराविक भाग त्याच स्थळाच्या निगेस लावावा. होड्यांची संख्या पक्ष्यांस सोसेल तेवढीच ठेवावी, आणि त्या हांकण्याचा व वाट दाखविण्याचा पहिला हक्क खाडीकांठच्या कोळी बांधवांस द्यावा. तिसरी गोष्ट, तळ्याची जागा बांधकामास देण्यापूर्वीं त्या तळ्याचें मोल पर्यटनाच्या हिशेबांतही धरावें. दुभती गाय विकून गोठा शृंगारणें याला व्यापार म्हणत नाहींत.