आईची उंची

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझी ओळख आत्ताच सॉफ्टवेअर इंजिनिअर अशी करून दिली, पण आज मी पाठीच्या मणक्याबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. आईच्या दुखण्यात मला जे उशिरा कळलं, ते तुम्हाला वेळेवर कळावं, एवढंच.

आर्वीहून वर्ध्याला येताना आई एसटीच्या मागच्या सीटवर बसली होती. गाडी खड्ड्यात आदळली आणि तिच्या पाठीत कळ गेली. घरी शेक झाला, मलम झालं. दवाखान्यात इंजेक्शन मिळालं आणि सोबत एक वाक्य : "वय झालं, एवढं चालायचंच." पुण्याहून फोनवर मीही तेच म्हणाले. तीन महिन्यांनी घरी आले, तर नेहमीच्या फळीवरचा डबा तिच्या हाताला येत नव्हता. एक्स-रे काढला. दोन मणके दबलेले होते. त्यातला एक जुना. तो कधी मोडला, कुणालाच कळलं नव्हतं.

हाडं ठिसूळ झाली की मणका समोरून दबतो, पाचरीसारखा होतो. पाठीला बाक येतो, उंची घटते. बादली उचलणं किंवा जोराची शिंकही पुरते. असे सुमारे दोन-तृतीयांश फ्रॅक्चर निदानाविना राहतात, कारण आपण त्याला कंबरदुखी म्हणून मोकळे होतो.

बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. वेदनाशामक गोळ्या, थोडे दिवस आराम, गरजेप्रमाणे पट्टा आणि लवकर चालणं-फिरणं. हाड साधारण ६ ते १२ आठवड्यांत भरतं. महिनोन्‌महिने झोपवून ठेवू नका, त्यानं हाडं आणखी झिजतात. पाठ रगडून घेऊ नका. मणक्यात सिमेंट भरण्याचा उपचारही आहे. पण २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत तो नुसत्या दिखाऊ प्रक्रियेपेक्षा सरस ठरला नाही. म्हणून तो निवडक रुग्णांसाठीच.

खरा उपचार म्हणजे पुढचा मणका वाचवणं. नेमकं तेच आमच्याकडून राहिलं होतं. डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल, तर तो ऑस्टिओपोरोसिस. मग कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांचं औषध. आई आठवड्याला एक गोळी घेते : उपाशीपोटी, ग्लासभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

सोबत ताप असेल, वजन घटत असेल, तर क्षयरोग किंवा कर्करोग नाही ना, हे बघावं लागतं. पायांतलं बळ गेलं किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी सेवाग्राम किंवा सावंगी गाठा.

मैत्रिणींनो, आता आपली पाळी आहे. मासिक पाळी थांबल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्यानं विरळ होतात. चालणं, वजन पेलणारा व्यायाम, दूध-दही आणि ऊन आजपासूनच.

शाळेत आपल्याला भिंतीला टेकवून उभं करायचे आणि उंची प्रगतिपुस्तकात लिहायचे. घरी गेल्यावर आई-वडिलांना तसंच उभं करा. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त कमी भरली, तर पाठीचा एक्स-रे काढा. माझ्या आईची ५ नं कमी भरली. मी ती मोजली, तेव्हा दोन मणके गेले होते.

तुम्ही आधी मोजा.