संस्था अनेक, दार एक
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आजच्या संमेलनास आपणांपैकी बहुतेक जण स्वारगेटवरूनच आला असाल. त्या चौकात क्षणभर उभे राहिले, तर शासनाच्या कारभाराचे एक बोलके चित्र दृष्टीस पडते. एस. टी. राज्याची, शहर बससेवा पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महानगरपालिकांची, आणि जमिनीखालील मेट्रो केंद्र व राज्य यांच्या समान भागीदारीची. प्रवासी मात्र एकच, आणि त्याचा खिसाही एकच!

याच चौकानजीक, शंकरशेट रस्त्यावर, शहर बससेवेचे मुख्य कार्यालय आहे. तिचा इतिहास मननीय आहे. पुणे महानगरपालिका १९५० साली स्थापन झाली आणि शहराची बससेवा तिच्याकडे आली. पुढे १९७४ साली पिंपरी-चिंचवडने आपली स्वतंत्र सेवा सुरू केली. वस्तुतः कामगार राहावयास एका गावी आणि कारखान्यात दुसऱ्या गावी, अशी दोन्ही शहरे एकमेकांत मिसळून गेली होती. परंतु व्यवस्थापने दोन, अंदाजपत्रके दोन, वेळापत्रकेही दोन. अखेर २००७ साली या दोन्ही सेवा एकत्र करून पी. एम. पी. एम. एल. ही एकच कंपनी निर्माण झाली. लंडनने भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांचा कारभार १९३३ सालीच एका मंडळाच्या हाती दिला होता, हे येथे स्मरणीय आहे.

या एकत्रीकरणाने तोटा नाहीसा झाला असे मात्र नव्हे. तुटीचा भार दोन्ही महानगरपालिका आजही ६० आणि ४० या प्रमाणात वाहतात. मग साधले काय? आमच्या मते, सीमारेषा कागदावर उरली आणि प्रवाशाच्या मार्गातून दूर झाली, हे साधले. पुढे २९ सप्टेंबर २०२४ रोजी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. आता तेच काम बस आणि मेट्रो यांच्यामध्ये पूर्णत्वास न्यावयाचे आहे.

प्रत्येक द्विरुक्ती अपव्यय असते, असे आम्ही म्हणत नाही. एक गाडी बंद पडली तर दुसरी हाताशी असावी, ही दूरदृष्टी होय. परंतु एकाच माणसाची तीच माहिती तीन ठिकाणी लिहून घ्यावयाची आणि खऱ्या गरजवंताकडे कोणाचेच लक्ष जाऊ नये, हा खरा अपव्यय. राज्य शासनाने अनेक खात्यांच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर घेण्याची व्यवस्था केली, तीमागील तत्त्व हेच आहे.

शासनाला उपदेश करणे सोपे असते. आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्या ज्ञातीत शिक्षण-निधी आहे, वसतिगृहाची मदत आहे, शिवाय वाडवडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेली पारितोषिकेही आहेत. प्रत्येकाचा अर्ज निराळा, मुदत निराळी, समिती निराळी. परिणामी शहरातील जाणता विद्यार्थी तिन्हीकडून थोडे थोडे मिळवितो, आणि खेड्यातील होतकरू मुलीला यांपैकी एकाचीही वार्ता लागत नाही. दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हे. आमच्या मांडणीचा आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी, की सर्व निधींसाठी अर्ज एक असावा, मुदत एक असावी आणि मदत मिळालेल्यांची यादीही एकच ठेवावी. कोणत्याही दात्याच्या पूर्वजांचे नाव पुसले जाऊ नये. त्या नावांतच आपली कृतज्ञता आहे. नावे अनेक राहोत, यादी तेवढी एक असो. त्यायोगे वाचलेला पैसा प्रथम त्या मुलीपर्यंत पोहोचवावा, जिचा अर्ज आजवर आलाच नाही.

पुढील संमेलनास येण्यापूर्वी एवढे आपल्या हातून घडले, तर शासनाकडे तीच मागणी करण्याचा अधिकार आपणांस खऱ्या अर्थाने प्राप्त होईल.