सवय म्हणून सोडून देऊ नका
(महिला मेळाव्यातील भाषण)



आजचा विषय हलकाफुलका वाटेल: कामावरच्या फजित्या आणि आपल्या बारीकसारीक सवयी. बैठक संपली, चहा आला की आपण ज्या गप्पा मारतो, त्यांच्याबद्दलच मला बोलायचं आहे. काही कार्यकर्त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. माझा अनुभव वेगळा आहे. बैठकीच्या इतिवृत्तात जे येत नाही, ते पुष्कळदा चहाच्या वेळी बाहेर पडतं.

आमच्या वस्तीतल्या गटातली एकजण शिलाईच्या कारखान्यात आहे. एकदा तिने ब्लाउजांना दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. सांगताना तिलाच हसू आवरेना, आम्हीही पोट धरून हसलो. मग कुणीतरी विचारलं, "पुढं काय झालं गं?" तर कापडाचे पैसे मजुरीतून कापले. त्या दिवशी सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत ती मशीनवर होती, हेही तेव्हाच कळलं.

सवयींचंही तसंच. एकीच्या बांगडीत कायम तीन-चार सेफ्टीपिना. त्यावरून चेष्टा चालायची. एकदा ती म्हणाली, "एक पदरासाठी, बाकीच्या एसटीतल्या गर्दीसाठी." हसणं थांबलं. त्या कामासाठी पिन बाळगणाऱ्या आणखी कितीजणी निघाल्या!

तिसरी साड्यांच्या दुकानात आहे. पाण्याची बाटली भरून नेते आणि तशीच भरलेली परत आणते. "मला तहानच लागत नाही," असं वर्षानुवर्षं सांगायची. दुकानात बायकांसाठी संडास नाही. लघवीला जळजळ होते म्हणून दवाखान्यात गेली, तर सल्ला मिळाला, भरपूर पाणी प्या. ती आम्हाला म्हणाली, "पिते की! पण मग जाऊ कुठं?"

याला आपण सवय म्हणतो. सवय म्हटलं की ती त्या बाईची एकटीची होते. सुधारायची जबाबदारीही तिचीच. पण पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याचा धोका वाढतो. मालकाने न बांधलेल्या संडासाची किंमत तिचं शरीर मोजतं. कारखान्यात स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, असं १९४८ च्या कारखाना कायद्यातच म्हटलं होतं. मात्र लहान दुकानांतल्या, घरकाम करणाऱ्या, रस्त्यावर विकणाऱ्या बायका त्या कायद्याच्या बाहेरच होत्या.

केरळात कोझिकोडच्या दुकानांतल्या बायकांचं हेच दुखणं होतं. दिवसभर उभं राहायचं, बसलं तर बोलणी खायची, संडास नाही म्हणून पाणी प्यायचं नाही. शिवणकाम करणाऱ्या पी. विजी यांनी अशा बायकांना एकत्र आणलं. 'पेनकूट्टु' ही त्यांची संघटना. अनेक वर्षांच्या लढ्यानंतर २०१८ साली केरळने कायद्यात बदल करून दुकानातल्या कामगारांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ साली तमिळनाडूनेही तसाच कायदा केला. मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' मोहीम उभी राहिली, तीही याच रोजच्या प्रश्नावर: पुरुषांना मुतारी फुकट, मग बायकांकडून पैसे का?

म्हणजे मागणी आकाशातून पडत नाही. "तुझंही असंच होतं का गं?" या प्रश्नातून ती सुरू होते.

पण एक सावधगिरी हवी. चहाच्या वेळी कळलेली गोष्ट तिच्या परवानगीशिवाय गटाबाहेर नेऊ नका. नाव फुटलं तर काम तिचं जातं, आपलं नाही. आणि मालकाकडे एकटीला कधीच पाठवू नका. साड्यांच्या दुकानातली आमची मैत्रीण एकटी बोलायला निघाली होती, आम्ही तिला थांबवलं. आता त्याच रस्त्यावरच्या सात दुकानांतल्या बायका एकत्र बसतात. संडास अजून मिळालेला नाही. पण अर्जावर सगळ्यांच्या सह्या आहेत, त्यामुळे तो कुणा एकीचा अर्ज राहिलेला नाही.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढंच करा. प्रत्येकीने कामावरची आपली एक सवय सांगायची. हसायचं, जरूर हसायचं. आणि मग तिला विचारायचं: ही सवय तुला कधी लागली, आणि कामावर काय बदललं तर ती सुटेल? उत्तरं एका कागदावर लिहा. जे उत्तर तीन-चारजणींचं सारखं येईल, तिथून कामाला लागा.