घरच्या दप्तराचा राखणदार

हल्लींच्या सुशिक्षित कुटुंबाचें दप्तर कपाटांतून उठून संगणकांत जाऊन बसलें आहे. लग्नमुंजींचीं छायाचित्रें, घराच्या खरेदीखताची प्रत, मुलांचीं प्रमाणपत्रें, दिवंगत आजोबांच्या आवाजाचें एखादें ध्वनिमुद्रण, हें सर्व कुणाच्या मोबाइलमध्यें तर कुणाच्या लॅपटॉपमध्यें विखुरलेलें असतें. तें एके ठिकाणीं आणून घरांतल्या सर्वांना हवें तेव्हां मिळावें, या हेतूनें घरींच लहानसा साठवणीचा सर्व्हर ठेवण्याचा विचार कांहीं गृहस्थ करूं लागतात. विचार चांगला आहे. परंतु असा गृहस्थ बाजारांत गेला कीं बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो प्रोसेसर किती वेगवान, हा. आणि तेथेंच त्याची वाट चुकते.

फाइली जपून ठेवणें आणि मागतांच काढून देणें, एवढ्या कामास फारसें बळ लागत नाहीं. २०२३ सालीं बाजारांत आलेला इंटेलचा एन१०० हा सहा वॉटचा प्रोसेसर त्यास पुरून उरतो. माळ्यावरचा जुना संगणक फुकट मिळतो म्हणून तोच कामाला जुंपण्याचा मोह होतो. पण अहोरात्र चालणाऱ्या यंत्राच्या बाबतींत थोडें गणित करावें. सतत ६० वॉट खाणारें यंत्र वर्षाकांठीं सुमारें ५२५ युनिट वीज घेतें, वीस वॉटचें १७५. म्हणजे फुकटचें यंत्र दर वर्षीं साडेतीनशें युनिटांचें जादा बिल गृहस्थाच्या हातीं ठेवतें.

वांचलेला पैसा डिस्कवर खर्च करावा, कारण प्रत्येक डिस्क केव्हां ना केव्हां मरते, आणि पुष्कळदां सूचना न देतां मरते. गूगलच्या संशोधकांनीं २००७ सालीं लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. निकामी झालेल्या डिस्कपैकीं निम्म्याहून अधिकांनीं स्वतःच्या प्रकृतीविषयींच्या चार प्रमुख लक्षणांतलें एकही आधीं दाखविलें नव्हतें. म्हणून दोन डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळीं लिहावा, हें उत्तम. बर्कले येथील पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनीं १९८८ सालीं 'रेड' या नांवानें ज्या मांडण्या वर्णिल्या, त्यांतली ही पहिली. मात्र डिस्क घेतांना तिचा प्रकार पाहावा. एसएमआर प्रकारांत मजकुराच्या रेषा घराच्या कौलांसारख्या एकीवर एक चढविलेल्या असतात. एक कौल बदलावयाचें तर शेजारचीं उचलावीं लागतात. मेलेल्या डिस्कच्या जागीं अशी नवी बसविली, तर तिच्यावर सर्व मजकूर पुन्हां भरणें फार रेंगाळतें. सर्व्हरसाठीं म्हणून विकलेल्या कांहीं डिस्क याच प्रकारच्या निघाल्याचें २०२० सालीं उघडकीस आलें, तेव्हां वेष्टणावरील नांवावर विसंबूं नये. सीएमआर हीं अक्षरें मागून घ्यावींत.

खरी गोम पुढेंच आहे. डिस्क मेली तर निदान कळतें. पण चालूं डिस्कवरचा एखादा अंश मुकाट्यानें बदलला तर? पोथीची नक्कल करणारानें चुकलेलें अक्षरही इमानानें उतरवावें, तशी बिघडलेली फाइल पुढच्या प्रत्येक प्रतींत बिघडलेलीच उतरते. दोन डिस्कवरचा मजकूर जुळेनासा झाला, तर त्यांतला खरा कोणता, हें साध्या जोडीला सांगतां येत नाहीं. सन मायक्रोसिस्टिम्समध्यें जेफ बॉनविक व मॅथ्यू आरेन्स यांनीं २००१ पासून रचलेल्या झेडएफएस या पद्धतीनें हा तिढा सोडविला. ती प्रत्येक तुकड्याचा पडताळ्याचा अंक त्या तुकड्याजवळ न ठेवतां, त्याचा पत्ता जेथें नोंदलेला असतो तेथें ठेवते. वाचतांना अंक जुळला नाहीं, तर दुसऱ्या डिस्कवरची शुद्ध प्रत देते आणि बिघडलेली दुरुस्तही करते.

ऑपरेटिंग सिस्टिमची निवड येथेंच निम्मी ठरते. २००५ सालीं फ्रीनॅस म्हणून निघालेली आणि आज ट्रूनॅस या नांवानें चालणारी सिस्टिम झेडएफएसवरच उभी आहे. तिला निदान आठ जीबी मेमरी आणि सिस्टिमकरितां निराळी डिस्क द्यावी. डेबियनवर आधारलेली ओपनमीडियाव्हॉल्ट अंगानें हलकी आहे, पण तीत झेडएफएस वरून जोडावें लागतें. चुका दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी मिळाल्यास घ्यावी. तिच्यावांचून झेडएफएस वापरूंच नये, हा बोलबाला अवास्तव आहे. ज्याला यांतलें कांहींच सांभाळावयाचें नाहीं, त्यानें तयार पेटी विकत घ्यावी. त्यांत कमीपणा नाहीं.

एवढें करूनही जोडडिस्क म्हणजे राखीव प्रत नव्हे. चोर दोन्ही डिस्क एकदमच नेतो, वीज दोन्ही एकदमच जाळते. तिसरी डिस्क बहिणीच्या किंवा भावाच्या घरीं असावी आणि ठराविक दिवशीं ताजी करून परत जावी. शिवाय हा सारा खटाटोप करणारा गृहस्थ उद्यां घरांत नसेल, याचाही विचार हवा. झेडएफएसच्या डिस्क दुसऱ्या यंत्रास जोडून उघडतां येतात, परंतु तें घरच्यांस ठाऊक पाहिजे. सिस्टिमचें नांव, परवलीचे शब्द आणि उघडण्याचा क्रम एका वहींत लिहून ती वही खरेदीखताशेजारीं ठेवावी. मग ती वही पत्नीच्या किंवा मुलीच्या हातीं देऊन, स्वतः दुसऱ्या खोलींत बसून, तिला एक जुनें छायाचित्र बाहेर काढावयास सांगावें. तें निघेपर्यंत मोबाइलमधलें मूळ पुसूं नये.